पूर्णेकाठचा समुद्र

मास्तर कोणतीही वस्तू आधी जिभेला लावून पाहत. खडू, विहिरीचे पाणी, नव्या पाटीची कड, नदीतला गोटा. आणि शिंपला तर हटकून. डोळे मिटत, जिभेचे टोक किंचित बाहेर काढत, वस्तू तिला टेकवत आणि मग असे स्वस्थ बसत, की जणू आतून कोणी उत्तर देणार आहे. शाळेतली पोरे त्यांची नक्कल करीत. मास्तरांनी एकदा ती पाहिली आणि म्हणाले, "जीभ जरा कमी काढ रे. एवढी बाहेर काढलीस तर चव वाऱ्याची येईल."

यंदा कपाशीची पहिली वेचणी चालू असताना बाळापूरहून निरोप आला, की मास्तर गेले. त्यांना जवळचे असे कोणी उरले नव्हते, म्हणून निरोप माझ्याकडे आला. तेव्हापासून हे लिहीन म्हणतो. दोन ओळी लिहितो आणि कागद बाजूला ठेवतो. अकोल्यात त्यांना ओळखणारी जी थोडी म्हातारी माणसे राहिली आहेत, त्यांना ते दोनच गोष्टींनी आठवतात. एक, ते शिंपले गोळा करीत. दुसरी, त्यांनी खोटा शिंपला दाखवून सरकारच्या साहेबाला फसवायला पाहिले आणि ते पकडले गेले. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खरी नाही, आणि ती खरी नाही हे सांगणारा आता मीच उरलो आहे.

अमेरिकेत लढाई जुंपली होती, आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाल्यामुळे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते, त्या वेळची ही हकिकत. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या दिसू लागल्या होत्या. वेचणीच्या दिवसांत शाळा ओस पडे. पोरे शेतात, पोरांचे बाप बाजारात, आणि आम्ही दोघे मास्तर रिकाम्या घोंगडीपुढे बसलेलो. मास्तर रत्नागिरीकडचे. नवी सरकारी शाळा निघाली तेव्हा मोठे मास्तर म्हणून अकोल्यास आले. मी इथलाच, त्यांच्या हाताखाली. ते मला 'धाकटे मास्तर' म्हणत आणि पुढे गावही म्हणू लागले.

ते आले तेव्हा त्यांच्या बैलगाडीत भांड्यांपेक्षा शिंपले जास्त होते. लाकडी पेटीत भुसा घालून त्यात एकेक निजवलेला. उपरण्याच्या टोकालाही दोन-चार बांधलेले असत. ते चालू लागले की त्यांची किणकिण होई, आणि पोरे आवाज ऐकून जागेवर बसत. आमच्या गल्लीतले शास्त्रीबुवा एकदा तोंडावर म्हणाले, "ब्राह्मणाच्या घरात ही जलचरांची हाडे शोभतात का?" मास्तर म्हणाले, "शंख आपल्या देवघरात आहे ना? मग त्याच्या धाकट्या भावांनी काय पाप केलं?"

मला त्यांनी शिकवलेला पहिला धडा मी विसरलो नाही. पेटीतून एक शिंपला काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. दोन्ही झाकणे मागच्या बाजूला एका तपकिरी चामडीने जोडलेली होती. पुस्तक उघडावे तसा तो उघडे.

"हिला तिसरी म्हणतात," ते म्हणाले. "आमच्याकडे समुद्र ओसरला की कोळणी वाळूत बोटं घालून ओंजळीओंजळीनं काढतात. ती मागं कातडी दिसते ना, ती हिची बिजागरी. प्राणी मेला, की पहिल्यांदा ही जाते. ही असली, तर शिंपला कालपरवाचा समजा. नसली, तर किती जुना ते देवाला ठाऊक. आधी बिजागरी बघायची, मग रेघा, मग रंग. चव सगळ्यात शेवटी."

"पण तुम्ही तर चव आधी घेता."

"मी म्हातारा झालो. मला धीर नाही." तेव्हा ते चाळिशीचेही नसतील.

त्या ज्ञानातले बरेचसे मुळात वहिनींचे होते, हे मला पुढे कळले. वहिनी म्हणजे मास्तरांची पत्नी. त्यांचे माहेर अगदी समुद्राला लागून. परसदारी उभे राहिले की पायाला लाट लागे म्हणत. लहानपणी कोळ्यांच्या पोरींबरोबर किनाऱ्यावर हिंडून त्यांनी शिंपल्यांची नावे शिकली होती. लग्नानंतर त्यांनी ती मास्तरांना शिकवली, आणि मग मास्तरच बोलू लागले व वहिनी गप्प राहू लागल्या. कधी मास्तर चुकले, की चुलीपुढून नुसता पळी आपटल्याचा आवाज येई. मास्तर लगेच म्हणत, "थांबा, हा खुबा नव्हे. वरून हुकूम आला."

दोन वर्षे नोकरी करू आणि परत जाऊ, असे सांगून मास्तरांनी त्यांना इकडे आणले होते. दोनाची किती झाली ते कोणी मोजले नाही. त्या काळी कोकण म्हणजे दुसरे टोक होते. गाड्यांनी घाट उतरायचा, पुढे गलबत. बाईमाणसाने एकदा इकडे यावे ते कायमचेच. वहिनी तक्रार करीत नसत, पण त्यांना वऱ्हाड मानवले नाही. ऊन सोसवेना. पुढे बारीक ताप येऊ लागला, आणि त्याच्यामागून खोकला. सर्वांत वाईट म्हणजे पाणी. आमच्या अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेपर्यंतचा सारा मुलूख खारपाणाचा. विहीर खणावी तो पाणी मचूळ, काही ठिकाणी चक्क खारट. त्यात डाळ शिजत नाही.

एका दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. डाळ बोटाखाली चेपत नव्हती. वहिनी ओशाळून हसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, तुमच्या वऱ्हाडात सगळं आहे हो. पाणी खारट, ऊन खारट, माणसांचं बोलणं खारट. मेली लाट तेवढी नाही."

मास्तरांचा घास हातात राहिला. बराच वेळ ते पाण्याच्या तांब्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "पाणी खारट आहे, तर लाटही असेल. कधीतरी."

तिथून ते खूळ सुरू झाले. या काळ्या मातीखाली कोणे एके काळी समुद्र होता. तो गेला, पण मीठ मागे ठेवून गेला. मीठ आहे तर शिंपलाही असला पाहिजे. तो एकदा सापडला, की वहिनींना दाखवायचा आणि सांगायचे, की तू समुद्र सोडून आलीच नाहीस, त्याच्यावरच राहतेस. मला हे त्यांनी शाळेच्या ओट्यावर बसून अगदी हिशेब समजावून सांगावा तसे सांगितले. त्यात शास्त्र किती होते हे मी सांगू शकत नाही. त्यांना बायकोला परत नेता येत नव्हते, म्हणून ते समुद्र इकडे आणू पाहत होते, एवढे मला तेव्हाही कळले.

सुट्टीच्या दिवशी ते पूर्णेकाठी जात. पुराने कापलेल्या उंच दरडी तिथे आहेत. मातीचे थर उघडे दिसतात. खुरपे घेऊन ते दिवसभर उन्हात दरड खरवडीत. सापडत ते नदीचे शिंपले, पातळ आणि हिरवट. ते जिभेला लावत आणि मान हलवत, "गोडा. गोडाच." त्या काठचे शेत एका पाटलाचे. तो बांधावर उभा राहून गंमत पाही.

"काहून मास्तर, घावला का समुद्र?"

"घावेल, पाटील."

"लवकर घावू द्या जी. बैलं थकले. समुद्र वावरातच निंगाला त कापूस इथूनच बोटीत भरू, इलायतले पाठवू!"

संध्याकाळी मास्तर परतत तेव्हा चेहरा तांबडा झालेला असे आणि हातांची कातडी सोललेली. वहिनी तूप लावीत. 

एक मात्र होते. खरा समुद्र अकोल्यात येत असे, पण मिठाच्या गोणीतून. कापूस घेऊन मुंबईकडे गेलेल्या गाड्या परतताना मीठ आणि नारळ आणीत. ते मिठागरातले जाडे, मळकट मीठ. त्यात वाळू असे, काड्या असत, आणि कधीकधी नखाएवढा शिंपला. मास्तर हुसेनभाईंच्या दुकानात गोणीपाशी उकिडवे बसत. हुसेनभाई मिठाचे व्यापारी, जुने अकोल्याचे, निम्मे मराठी आणि निम्मे हिंदुस्थानी बोलणारे.

"मास्तरसाब, लोक मीठ नेते अन् कचरा फेकते. तुमी कचरा नेता अन् मीठ ठेवून जाता. माझा धंदा कसा चालन?"

"हुसेनभाई, तुम्ही मीठ विकता. समुद्र फुकट देता."

"बराबर. मग कोनाले सांगू नका. नाही त सरकार त्याच्यावर बी जकात बसवन."

ते मीठ घरी आले, की वहिनी ते सुपात पसरून निवडीत. शिंपला निघाला तर मास्तरांना हाक मारीत. पण हातावर देत नसत. मीठ हातावर दिले की भांडण होते, हे आपल्याकडेही मानतात; वहिनींचे म्हणणे असे, की मिठातून निघालेले तेही मीठच. म्हणून त्या शिंपला जमिनीवर ठेवीत, हात मागे घेत, आणि मग मास्तर तो उचलीत. कितीही घाई असो. मास्तर मला म्हणत, "पाहिलंत धाकटे मास्तर, आमचा संसार कसा टिकला तो? सगळा भुईवरून उचललेला."

संक्रांतीला वहिनी म्हणाल्या, मला पूर्णेवर स्नानाला न्या. ताप होता, तरी ऐकेनात. पर्वकाळ आहे, म्हणाल्या. आम्ही गाडी जुंपून पाटलाच्या शेतावर गेलो. पाटलाने हुरड्याची तयारी ठेवली होती. वहिनींनी नदीत नुसते पाय बुडवले, डोळ्यांना पाणी लावले आणि सावलीत बसल्या. मास्तर दरडीपाशी खुरपे घेऊन. मी त्यांच्याजवळ, पण लक्ष हुरड्याकडे.

थोड्या वेळाने वहिनी तांब्या घेऊन आल्या. चढण थोडी होती, तरी त्यांना धाप लागली. मास्तरांनी ओंजळ पुढे केली आणि त्या पाणी ओतू लागल्या. मग खोकल्याची उबळ आली आणि त्या खरवडलेल्या मातीच्या ढिगाजवळ खाली बसल्या. मास्तर उठवायला वाकले, तेवढ्यात "नको, मी आपली जाते" असे म्हणून त्या उठल्या आणि हळूहळू उतरून गेल्या. शेकोटीकडे जाऊन आमच्याकडे पाठ करून कणसे चोळू लागल्या.

मास्तरांनी पुन्हा खुरपे घेतले. दोनदा माती ओढली आणि त्यांचा हात थांबला.

मी वाकून पाहिले. मातीत एक तिसरी होती. समुद्राची, पांढरी, तपकिरी नक्षीची, अख्खी. मास्तरांनी ती लगेच उचलली नाही. आधी नुसते पाहत राहिले. मग उचलली, बोटाने माती पुसली, उलटी केली. जिभेला लावली आणि डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी वहिनींच्या पाठीकडे पाहिले. कणसे चोळणारे हात थांबले होते. ती पाठ इतकी निश्चल होती, की श्वाससुद्धा रोखला असावा.

"सापडला!" मास्तर एवढ्याने ओरडले, की झाडावरचे बगळे उडाले. "अगं, ऐकलंस का? सापडला! समुद्र सापडला!"

ते धावत उतरले, पडता पडता सावरले. वहिनी वळल्या. मास्तरांनी तळहात पुढे केला. "बघ. तुझ्या माहेरचा. इथंच होता, आपल्या पायाखाली. उगाच रडत होतीस."

"मी कधी रडले?" वहिनी म्हणाल्या, आणि त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. "मी म्हटलं नव्हतं का, कधीकधी समुद्राचा वास येतो म्हणून?" मग मास्तरांची बाही धरून म्हणाल्या, "आता पुरे ना हो ते खणणं? सापडला ना? आता उन्हात नाही ना जायचं?"

"पुरे," मास्तर म्हणाले. "आता कशाला जाऊ?"

पाटील शिंपल्याकडे आणि मग आपल्या शेताकडे पाहत राहिला. "अन् मास्तर, आता माह्या वावराले समुद्राचा सारा लागन का?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. पण तो शिंपला हातात घेतला तेव्हा मला ती तपकिरी चामडी दिसली होती. झाकणे पुस्तकासारखी उघडत होती. मला वाटले, आनंदाने मास्तरांची नजर बांधली गेली आहे. चार दिवसांनी त्यांचे त्यांनाच दिसेल. तेव्हा त्यांना दुःख होईल, तर ते माझ्या तोंडून कशाला, असे म्हणून मी गप्प राहिलो.

चार दिवस गेले, महिने गेले. मास्तर पूर्णेकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी वहिनींच्या उशाशी बसून राहत. वहिनींना त्या साली थोडे बरेही वाटले. रोज विचारीत, "आज कोणाला दाखवलात?" आणि कोणाला तरी दाखवलेले असावे लागे, म्हणून मास्तर ज्याला त्याला शिंपला दाखवीत सुटले. मामलेदाराला दाखवला, हुसेनभाईंना दाखवला, कापसाच्या दलालांना दाखवला. हुसेनभाईंनी तो हातात फिरवला, एकदा मास्तरांकडे पाहिले आणि म्हणाले, "मास्तरसाब, मोठी चीज आहे. सांभाळून ठेवा." बाकी काही नाही. हळूहळू ही बातमी शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांपर्यंत गेली. ते आपल्यापैकीच, उत्साही गृहस्थ. आपल्या खात्यातल्या एका मास्तराने वऱ्हाडात समुद्र शोधला, याचा त्यांना अभिमान वाटला. पुढच्या थंडीत जमीन-दगडांची पाहणी करणारा एक गोरा साहेब अकोल्यात मुक्कामाला होता. डेप्युटी त्याला घेऊन शाळेत आले.

मास्तरांचे बिऱ्हाड शाळेला लागूनच होते. मधे एक कुडाची भिंत. पलीकडे वहिनी अंथरुणावर होत्या. आता त्यांना उठवत नव्हते.

गावातली बरीच मंडळी जमली होती. साहेबाने शिंपला घेतला, उघडला, मिटला आणि हसला. वाईट माणूस नव्हता तो. डेप्युटींशी इंग्रजीत काही बोलला. डेप्युटींचा चेहरा उतरला.

"मास्तर, साहेब म्हणतात, ही बिजागरी बघा. हा शिंपला फार तर वर्षा-दोन वर्षांचा. हा तिथं कोणीतरी ठेवला."

 पलीकडचा खोकला ऐकू आला आणि एकाएकी बंद झाला. तोंडावर पदर दाबला की होतो तसा.

"मला तो पूर्णेच्या दरडीत मिळाला," मास्तर म्हणाले. "मी माझ्या हातानं उचलला."

"उचलला असेल हो. पण ठेवला कोणी?" डेप्युटी त्यांना वाट काढून देत होते, हे सर्वांना दिसत होते. "कोणीतरी तुमची चेष्टा केली. तो पाटील म्हणे थट्टेखोर आहे. नाहीतर शाळेतली पोरं. एवढं म्हणा, की तुम्ही फसलात. संपलं."

मास्तरांनी एकदा त्या कुडाकडे पाहिले. मग मोठ्याने, पलीकडे नीट जावे अशा आवाजात म्हणाले, "मला कोणी फसवलं नाही. तिथं कोणी काही ठेवलं नाही. शिंपला जमिनीतला आहे."

"मग साहेबांना काय समजायचं? की तुम्हीच..."

"साहेबांनी काय समजायचं ते समजावं."

साहेबाने शिंपला टेबलावर ठेवला आणि टोपी घेतली.

माणसे गेल्यावर मी आत गेलो. वहिनींनी मला खुणेने जवळ बोलावले. त्यांच्या आवाजात जीव नव्हता. "भावजी, त्यांची नोकरी जाईल का हो? तुम्ही डेप्युटींना गाठा. त्यांना सांगा, ते शिंपल्याचं..."

एवढ्यात मास्तर आले. "काय सांगताय त्यांना? काही सांगायचं नाही." ते जमिनीवर बसले आणि हसून म्हणाले, "त्या साहेबाला काय कळतं? तो त्याच्या समुद्राचा, आपण आपल्या. आपला समुद्र निराळा. आपल्यात बिजागरी टिकते."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले, फार वेळ पाहिले. मग भिंतीकडे तोंड केले. त्या रडत होत्या की काय ते मला कळले नाही, कारण खांदे हलत होते आणि मास्तरांचा हात त्यांच्या पाठीवर होता.

नोकरी गेली नाही. मास्तरांना खाली उतरवून बाळापूरच्या बाजूला एका लहान शाळेवर पाठवले. निघायच्या दिवशी शाळेच्या दारावर कोणीतरी कोळशाने गलबत काढून ठेवले होते. मास्तरांनी ते पाहिले आणि म्हणाले, "शीड उलटं काढलंय." वहिनींना गाडीत गादीवर निजवले होते. त्याच उन्हाळ्यात त्या बाळापुरात गेल्या.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली आणि कापूस गडगडला. चांदीच्या शेंब्या दिसेनाशा झाल्या. आगगाडी अकोल्यास आली. मुंबई दोन दिवसांवर आली, आणि समुद्र बघायला लोक तिकीट काढून जाऊ लागले. मला वाटले, आता मास्तर कोकणात परततील. ते गेले नाहीत. मी अधूनमधून बाळापूरला त्यांना भेटायला जात असे. किल्ल्याखाली नदीकाठी आम्ही बसत असू. ते थकले होते, पण वाटेतला खडा उचलून जिभेला लावायची सवय गेली नव्हती.

एकदा मी न राहवून विचारले, "मास्तर, मला पहिल्याच दिवशी तुम्ही बिजागरी पाहायला शिकवलीत. मग त्या दिवशी तुम्हालाच ती कशी दिसली नाही?"

"दिसली की," ते म्हणाले. "हातात घ्यायच्या आधीच दिसली. तो शिंपला मी ओळखत होतो. आदल्या दसऱ्याला मिठात निघालेला. आम्ही दोघांनी मिळून धुतला होता. पेटीतून कधी गेला ते मात्र कळलं नव्हतं."

 नदीत म्हशी डुंबत होत्या.

"पेटीत तुटके पुष्कळ होते," ते थोड्या वेळाने म्हणाले. "एका झाकणाचे, झिजलेले. त्यातला एखादा ठेवला असता, तर साहेबसुद्धा फसता. हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण तिला मला अख्खा द्यायचा होता. माझ्या हातांना फोड आलेले तिला बघवत नव्हते."

"मग डेप्युटी विचारत होते तेव्हा एवढं म्हणायचं, की फसलो. वहिनींचं नाव थोडंच कोणी घेतलं असतं?"

"ती पलीकडे ऐकत होती ना." ते माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू मी अजून त्यांच्या हाताखालचा मास्तरच आहे. "मी फसलो म्हटलं, की तिनं फसवलं असं होतं. आणि धाकटे मास्तर, यात फसवणं कुठं आहे? मिठातलं काही निघालं, की ती भुईवर ठेवायची आणि मी उचलायचो. जन्मभर तेच केलं. त्या दिवशीही तिनं भुईवर ठेवला. मी उचलला."

त्यानंतर आम्ही त्याविषयी कधी बोललो नाही. वहिनींना हे कळले होते की नाही, मी आजही ठरवू शकत नाही. त्या दिवशी त्या ज्या नजरेने मास्तरांकडे पाहत राहिल्या, ती आठवली की वाटते, कळले असावे. मग वाटते, न कळता गेल्या असतील तर तेच बरे. माझे मन या दोन्हींच्या मधे हेलकावे खाते.

निरोप आला तसा मी बाळापूरला गेलो. तोवर गावकऱ्यांनी सारे उरकले होते. शेजारची एक म्हातारी कुणबीण मास्तरांचे भाकर-पाणी पाहत असे. तिने कुलूप काढून दिले. कोपऱ्यात ती लाकडी पेटी होती. मी उघडली. नुसता भुसा.

"शिपले त मास्तरनं पोरायले वाटून देल्ले जी," म्हातारी म्हणाली. "कवाच. एकच ठेवला होता उशाशी. मले म्हने, अकोल्याचे धाकले मास्तर येतीन, त्याइलेच देजो."

तिने पदराची गाठ सोडली. तपकिरी नक्षी पार फिकी झाली होती. चामडी वाळून काळी पडली होती, पण झाकणे अजून धरून होती. तिने तो माझ्यापुढे केला. "घ्या न जी."

माझा हात पुढे झाला आणि थांबला.

"हातावर नको, मायबाई," मी म्हटले. "भुईवर ठेवा."

"भुईवर? काहून?"

"ठेवा."

तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले. मास्तरांच्या घरी येणारी माणसेही त्यांच्यासारखीच, असे तिला वाटले असावे. मग ती गुडघ्यावर हात टेकून वाकली, शिंपला शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवला आणि हात मागे घेतला.

मी उचलला.